अनुभवाच्या रकान्यात आईचा गोठा

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने मला नोकरीची जाहिरात पाठवली. ब्रिटनमधलं एक विद्यापीठ. पद संशोधन सहायकाचं, विषय दुभत्या गाईंचं कल्याण आणि काम डेटा सायन्सचं. गाईंच्या गळ्यातले पट्टे, पायाला बांधलेले सेन्सर आणि गोठ्यातले कॅमेरे यांतून येणारी माहिती तपासायची आणि कोणती गाय लंगडायला लागणार आहे हे आधीच ओळखणारं मॉडेल तयार करायचं. मैत्रीण संख्याशास्त्रात एम.एस्सी. आहे, पायथॉन आणि आर दोन्हींवर तिचा हात बसलेला आहे. तिच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. जाहिरातीखाली तिने एवढंच लिहिलं होतं : "अगं, गाईंसोबत कामाचा अनुभव असल्यास प्राधान्य, असं म्हणतायत. इथे काय लिहू?"

तिची आई अठरा वर्षं एका बागायतदाराच्या गोठ्यात शेणघाण काढते. पहाटे चारला जाते, वीस-बावीस गाईंखालचं शेण काढते, गोठा धुते, वैरण टाकते. धार मात्र मालकाच्या घरची माणसं काढतात. शेणाला तिचा हात चालतो, दुधाला चालत नाही. मैत्रीण बारावीपर्यंत सुट्टीच्या दिवशी आईसोबत जात होती. अर्जाच्या पहिल्या मसुद्यात तिने अनुभवाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'लागू नाही'.

हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे.

आधी ते काम काय आहे ते समजून घेऊ, कारण ते चांगलं काम आहे. 1964 मध्ये रूथ हॅरिसन यांच्या 'अ‍ॅनिमल मशीन्स' या पुस्तकाने ब्रिटनमध्ये कारखानी पशुपालनावर मोठी चर्चा घडवली. त्यानंतर सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने 1965 मध्ये अहवाल दिला. त्यातूनच पुढे जनावरांची 'पाच स्वातंत्र्यं' मांडली गेली : भूक-तहानेपासून मुक्तता, गैरसोयीपासून मुक्तता, वेदना, इजा आणि आजारापासून मुक्तता, स्वाभाविक वागण्याची मोकळीक आणि भीती-ताणापासून मुक्तता. आजचं डेटा सायन्स हीच यादी मोजण्याचा प्रयत्न करतं. गाय दिवसात किती तास बसली, किती वेळ रवंथ केली, किती पावलं चालली, दूध कधी घटलं. सिमेंटच्या ओल्या जमिनीवर उभ्या राहणाऱ्या गाईंचे खुर खराब होतात आणि पाय दुखतात. गाय दुखणं सांगू शकत नाही, म्हणून यंत्राने ते लवकर ओळखावं. यात आक्षेप घेण्यासारखं काही नाही. जनावराची वेदना मोजण्याचं विज्ञान आपलं शत्रू नाही.

प्रश्न वेगळाच आहे. मॉडेल आपोआप शिकत नाही. कोणती गाय लंगडते हे आधी कुणीतरी माणसाने डोळ्यांनी बघून सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये त्यासाठी 0 ते 3 अशी गुणपद्धत वापरतात. प्रशिक्षित निरीक्षक चालणाऱ्या गाईकडे बघतो : पाठ कमानीसारखी वाकली आहे का, पाऊल आखूड पडतंय का, एका पायावर भार टाकायला टाळतेय का. मग गुण देतो. हजारो गाईंचे असे गुण आणि त्याच गाईंच्या सेन्सरचे आकडे एकत्र ठेवले की मॉडेल शिकतं. या शास्त्रात माणसाने दिलेल्या त्या गुणांनाच 'सत्य' धरतात. सगळ्या गणिताखाली एका माणसाची नजर असते.

मी मैत्रिणीला विचारलं, आईला गाय लंगडणार हे कसं कळतं? तिने घरी फोन केला. आईचं उत्तर असं होतं : "गाय गव्हाणीपाशी आली की पाय बदलत उभी राहती. वैरण टाकली तरी लगेच उठत नाही. शेण पडायची जागासुद्धा बदलती. दोन दिवसांनी मालकाला कळतं, मग डॉक्टर येतो. डॉक्टर मालकाला विचारतो, मला नाही."

हे जातीतून आलेलं उपजत ज्ञान नाही. तसं म्हणणं म्हणजे जातीच्या कामाला पुन्हा एकदा गौरवाचा मुलामा देणं. अठरा वर्षं रोज त्याच बावीस गाईंमध्ये वाकून काम केल्याने आलेलं हे निरीक्षण आहे. विद्यापीठात यालाच प्रशिक्षण म्हणतात आणि त्याचं प्रमाणपत्र देतात. आईला प्रमाणपत्र नाही, म्हणून ते 'लागू नाही'.

आता भारताकडे बघू. 1998 पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. 2019 च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे 19 कोटी गाई-बैल आणि सुमारे 11 कोटी म्हशी आहेत. सरकार त्यांच्या कानात 12 अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतं. त्या क्रमांकावर जनावराचं वय, लसीकरण, रेतन, वेत आणि मालकाचं नाव नोंदवलं जातं. म्हणजे इथेही डेटा उभा राहतोय आणि त्यावर उद्या मॉडेलं बांधली जातील. आनंद, कर्नाल, लुधियाना, नागपूर इथे दुग्ध आणि पशुविज्ञानाच्या मोठ्या संस्था आहेत. आपल्यातल्या काही जणांना तिथे प्रकल्पावर नोकरी मिळेलही. त्या डेटात काय नसेल, हे आत्ताच विचारायला हवं.

मालकाची नोंद आहे, पण गोठ्यात राबणाऱ्या माणसाला रकाना नाही. पंजाबात जमीनदारांच्या गोठ्यांतलं शेण काढण्याचं काम दलित बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. ते काम 'गोहा-कूडा' म्हणून ओळखलं जातं. त्याच पंजाबात दलित भूमिहीनांनी गावाच्या सामाईक शेतजमिनीतला आपला राखीव एक तृतीयांश वाटा मागण्यासाठी लढा दिला. त्या मागणीत चारा हा मोठा मुद्दा होता. स्वतःची जमीन नसलेल्या बाईला आपल्या एका म्हशीसाठी दुसऱ्याच्या बांधावरचं गवत कापावं लागतं. तिथे शिवीगाळ, अडवणूक आणि त्याहून वाईट गोष्टी सोसाव्या लागतात. गावाने बहिष्कार टाकला की पहिल्यांदा बांध बंद होतो. त्या आठवड्यात तिची म्हैस वाळते. सेन्सर सांगेल की म्हैस कमी खातेय, रवंथ घटली आहे. का घटली हे सेन्सर सांगणार नाही, कारण त्या तक्त्यात जमीन नाही आणि जात नाही. मग मॉडेल निष्कर्ष काढेल की 'लहान पशुपालकांचं व्यवस्थापन कमकुवत आहे'. त्यावर प्रशिक्षण शिबिर होईल. गवत मात्र मिळणार नाही.

दुधाचंही तेच. ग्रामीण भारतातल्या अस्पृश्यतेवर 11 राज्यांतल्या 565 गावांची पाहणी 2006 मध्ये पुस्तकरूपाने आली. गावच्या दूध सोसायटीत दलितांच्या घरचं दूध घेत नाहीत, हे त्यात नोंदवलेलं आहे. ज्या घरचं दूध सोसायटीत पोचतच नाही, त्या घरच्या जनावराचे दुधाचे आकडेही सोसायटीच्या नोंदीत येत नाहीत. डेटातला हा खड्डा आपोआप पडलेला नाही, जातीने पाडलेला आहे.

मराठीत गाईच्या ब्रीडला आपण 'जात' म्हणतो. गीर, साहिवाल, खिल्लार, देवणी, लाल कंधारी. सरकार पशुधनाची जातवार आकडेवारी छापतं. माणसांची पूर्ण जातवार मोजणी मात्र 1931 नंतर झाली नाही. 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जात विचारली, पण ते आकडे प्रसिद्ध केले नाहीत. पुढच्या जनगणनेत जात मोजू, असं केंद्राने 2025 मध्ये जाहीर केलं. गाईची जात मोजली म्हणून कुणाला देश फुटेल असं वाटलं नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. माझ्या वडिलांनीच तो घेतला. ते म्हणाले, "आत्ता कुठं गोठ्यातनं बाहेर पडलो, आता शिकून परत गोठ्यातच जायचं का?" बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडायला सांगितलं. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली आणि हे काम यापुढे तुम्हीच करा, असं सांगितलं. या परंपरेतून आलेल्या माणसाला गाय म्हटलं की आधी काठी आठवते. वडिलांच्या भीतीला मी मूर्खपणा म्हणणार नाही.

पण बाबासाहेबांनी सक्तीचं, जातीने नेमून दिलेलं, अपमानाचं काम सोडायला सांगितलं. त्या कामाबद्दल बोलण्याचा, लिहिण्याचा, त्याचा हिशोब मांडण्याचा हक्क सोडायला सांगितलं नाही. उलट 1948 मध्ये त्यांनी 'द अनटचेबल्स' लिहिलं. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध काय, हा प्रश्न त्यांनी संशोधक म्हणून हातात घेतला. शेणाची पाटी उचलणं आणि शेणाच्या पाटीवर शोधनिबंध लिहिणं, यात पगार, सन्मान आणि निवड यांचा फरक आहे. तो फरक मिळवण्यासाठीच तर आपण शिकलो.

शिवाय आपल्यापुढचे रस्ते किती उरलेत तेही बघा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या 2022 च्या नियमांत भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. म्हणजे माझ्यासारखी समाजशास्त्राची विद्यार्थिनी त्या पैशावर बाहेर जाऊन जातीवर संशोधन करू शकणार नाही. मग जातीचा प्रश्न संख्याशास्त्र, पशुविज्ञान, संगणकशास्त्र या विभागांतूनही विचारावा लागेल. तिथे आपली माणसं मोजकी आहेत, आणि असलेल्यांना आपलं घर लपवायची सवय लावली जाते. 'लागू नाही' ही त्याच सवयीची भाषा आहे.

म्हणून असा अर्ज भरणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी सांगते. पहिली, घरच्या श्रमाला अनुभव म्हणा, पण भावनेने नाही, तपशिलाने. किती वर्षं, किती जनावरं, कोणतं काम, काय ओळखता येतं, ते लिहा. दया मागू नका. दुसरी, मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा : गुण कोण देतं? गोठ्यातल्या मजुराचं निरीक्षण नोंदवलं जातं का? ब्रिटन-अमेरिकेच्या डेअरींतही परक्या देशांतून आलेले मजूर मोठ्या संख्येने राबतात, त्यामुळे हा प्रश्न तिथेही परका नाही. तिसरी, भारतातल्या प्रकल्पावर काम मिळालं तर प्रश्नावलीत दोन रकाने वाढवायचा आग्रह धरा. चारा कुणाच्या जमिनीवरून येतो? गोठ्यात काम कोण करतं? मार्गदर्शक 'विषयाबाहेरचं' म्हणतील. तेव्हा सांगा की याशिवाय तुमचं मॉडेल चुकेल. हे उपकार म्हणून मागू नका, पद्धतीशास्त्राचा मुद्दा म्हणून मांडा.

मैत्रिणीने 'लागू नाही' खोडलं. तिथे चार वाक्यं लिहिली : ती लहानपणापासून कोणत्या गोठ्यात जात होती, तिथे काय काम करत होती, आईकडून काय बघायला शिकली आणि ते निरीक्षण लंगडण्याच्या मॉडेलमध्ये कसं तपासता येईल. आईच्या कामाला तिने 'मदत' म्हटलं नाही, मजुरी म्हटलं. अर्ज पाठवायच्या आधी तिने ती वाक्यं फोनवर आईला मराठीत वाचून दाखवली. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडच्या गाईंचं शेण कोण काढतं?"

निकाल अजून यायचा आहे. मुलाखतीला बोलावलं तर मैत्रीण हा प्रश्न आईच्या नावाने विचारणार आहे.