स्मरण : कमांडर रने गिल्बो

१८ जून १९२८ ही तारीख ध्रुवप्रदेशाच्या इतिहासात रोआल्ड अमुंडसेन यांच्या अंताची म्हणून नोंदली गेली आहे. दक्षिण ध्रुवावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्या त्या नॉर्वेजियन संशोधकाचे नाव इतके मोठे, की त्या दिवशी त्याच विमानात आणखी पाच माणसे होती ही गोष्ट बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक ते विमान अमुंडसेन यांचे नव्हते. ते फ्रेंच नौदलाचे होते आणि त्याची सूत्रे कमांडर रने गिल्बो यांच्या हाती होती.

गिल्बो यांचा जन्म १८९० मधला, पश्चिम फ्रान्सच्या व्हांदे प्रांतातील मूशां या लहानशा गावातला. नौदलात शिरून ते पुढे नाविक वैमानिक झाले. १९२६-२७ मध्ये त्यांनी पाण्यावरून उडणाऱ्या विमानाने फ्रान्सपासून मादागास्करपर्यंत जाऊन परत येण्याचा पराक्रम केला. आफ्रिकेतील नद्या, सरोवरे आणि सागरकिनारे हेच त्या प्रवासातील मुक्काम. १९२८ साली त्यांच्यासमोर याहूनही मोठे साहस होते. सेन नदीकाठच्या कोदबेक गावी बांधलेले ‘लाथाम ४७’ हे नवे जलविमान अटलांटिक ओलांडण्यासाठी सज्ज होत होते.

तेवढ्यात उत्तरेकडून वाईट वार्ता आली. २५ मे रोजी इटलीचे जनरल उंबेर्तो नोबिले यांचे ‘इटालिया’ हे हवाई जहाज ध्रुवावरून परतताना हिमावर आदळले. नोबिले आणि काही सोबती बर्फावर फेकले गेले. उरलेल्या सहा जणांना घेऊन फुगा वाऱ्याबरोबर दिसेनासा झाला. त्या सहांचा पत्ता पुढे कधीच लागला नाही.

अमुंडसेन आणि नोबिले यांचे वैर तेव्हा जगजाहीर होते. १९२६ मध्ये दोघे ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून एकत्र ध्रुवावरून गेले. पण उतरल्यावर श्रेय कोणाचे यावरून दोघांत असा दुरावा आला की अमुंडसेन यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात नोबिले यांच्यावर कठोर टीका केली. तरीही मदतीची हाक येताच ते तत्काळ तयार झाले. संवत्सरीला परस्परांना खमावण्याची रीत असलेल्या समाजाला या प्रसंगाचे मोल सांगावे लागत नाही. तोंडाने क्षमा करणे निराळे आणि ज्याच्याशी वैर धरले त्याच्यासाठी बर्फाच्या दिशेने निघणे निराळे.

गिल्बो यांच्यापाशी मात्र खमावण्याजोगे काहीच नव्हते. नोबिले त्यांचे मित्र नव्हते, शत्रूही नव्हते. फ्रेंच सरकारने विमान अमुंडसेन यांच्या शोधकार्यासाठी दिले, आज्ञा झाली आणि ते निघाले. आज्ञापालन हा सैनिकाचा धर्मच, असे म्हणून हा भाग सोडून देता येईल. परंतु ते विमान समुद्रासाठी बांधलेले होते, हिमासाठी नव्हे, आणि इतक्या अनुभवी वैमानिकाच्या ध्यानात ते आले नसेल असे मानणे कठीण आहे. अनोळखी जीवाला अभय देण्यासाठी आपले अभय पणाला लावणे याचे वर्णन प्रत्येकाने आपापल्या शब्दांत करावे.

१६ जूनला कोदबेकहून निघून विमान बर्गेनला आले. तेथे अमुंडसेन आणि नॉर्वेच्या नौदलातील वैमानिक लाइफ डीट्रिक्सन त्यात चढले. गिल्बो यांच्यासह सहवैमानिक आल्बेर द क्युव्हर्व्हिल, यंत्रज्ञ ब्राझी आणि बिनतारी संदेशक व्हालेत असे फ्रेंच दल चौघांचे होते. १८ जूनला सकाळी ट्रॉम्सो गाठले. स्वीडन आणि फिनलंडची शोधविमानेही तेथे होती, पण ‘लाथाम’ एकटेच पुढे गेले. दुपारी चारच्या सुमारास इंधनाने जड झालेले ते विमान मोठ्या कष्टाने पाण्यावरून उचलले गेले. पावणेसातच्या सुमारास व्हालेत यांचा अखेरचा संदेश ऐकू आला. त्यानंतर काही नाही.

पाचच दिवसांनी, २३ जूनला, स्वीडनच्या एका वैमानिकाने नोबिले यांना हिमावरून उचलून आणले. त्यांची छोटी कुत्री तितिनाही त्यांच्याबरोबर वाचली. १२ जुलैला रशियाच्या ‘क्रासिन’ या बर्फफोड्या जहाजाने त्यांच्या तळावरील बाकीच्या सोबत्यांना सोडवले. ज्यांना शोधायला सहा जण गेले होते ते सापडले. आता त्या सहांचाच शोध सुरू झाला. फ्रान्स आणि नॉर्वेची जहाजे समुद्र धुंडाळू लागली. लुईझ बॉइड या धनाढ्य अमेरिकन महिलेने स्वतःच्या सफरीसाठी भाड्याने घेतलेले ‘हॉबी’ जहाज शोधासाठी दिले आणि स्वतःही त्यातून गेली. पैसा कशासाठी राखावा आणि कोठे सोडावा, हे तिला कळत होते.

३१ ऑगस्टला उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ मच्छीमारांना विमानाच्या पंखाखालचा एक पोकळ फ्लोट तरंगताना सापडला. पुढे ऑक्टोबरात इंधनाची एक रिकामी टाकी मिळाली. टाकीला लाकडी बूच ठोकलेले होते. मोडलेल्या फ्लोटच्या जागी ती बांधून विमानाचा तोल सावरण्याचा प्रयत्न झाला असावा, असे जाणकारांनी अनुमान काढले. ते खरे असेल, तर विमान पाण्यावर येताच सारे संपले नव्हते. थंडगार समुद्रात हेलकावणाऱ्या त्या विमानावर कोणीतरी लाकूड तासले, बूच बसवले, टाकी बांधायला घेतली. जूनमध्ये तेथे रात्र होत नाही. म्हणजे हे काम त्यांनी उजेडातच केले असणार. किती वेळ केले, ते त्या दोन वस्तूंवरून कळत नाही.

मूशां गावात गिल्बो यांचे स्मारक आहे. कोदबेकला, ज्या नदीवरून विमान उडाले तिच्याच काठच्या खडकात, १९३१ मध्ये ‘लाथाम’ची दगडी प्रतिमा उभी राहिली. नॉर्वेच्या नौदलाने २००९ मध्ये पाण्याखाली चालणाऱ्या स्वयंचलित यंत्राने समुद्रतळ पुन्हा तपासला. विमान मिळाले नाही.