लायगोच्या अंगणातील विज्ञानवर्ग

हिंगोली जिल्ह्याची ओळख आजवर दोन तीर्थांनी सांगितली जात असे. एक औंढा नागनाथ, दुसरी संत नामदेवांची जन्मभूमी म्हणून मान्यता पावलेली नर्सी. आता तिला तिसरी ओळख लाभत आहे. औंढ्याजवळील दुधाळा परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आकार घेणार आहे. २०१६ साली तत्त्वतः मान्यता मिळालेल्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या, परस्परांशी काटकोनात असलेल्या दोन भुजा आणि त्यांतून धावणारा लेसर किरण प्रोटॉनहूनही सूक्ष्म अंतराचा फरक टिपतील.

प्रश्न असा की, पंचक्रोशीतील मुलांचे या वेधशाळेत स्थान कोणते? कुंपणाबाहेरून कौतुकाने पाहणाऱ्यांचे, की आत बसून मोजमाप करणाऱ्यांचे? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत नव्हे, सहावी ते आठवीच्या वर्गात ठरणार आहे. मापन, गती, प्रकाश, आम्ल आणि आम्लारी हे विषय मूल याच वयात प्रथम हाताळते. येथे व्याख्यांची घोकंपट्टी झाली, की जिज्ञासा कायमची कोमेजते.

विज्ञानाच्या तासाकडून विद्यार्थ्याने तीन अपेक्षा बाळगाव्यात. स्वतः मोजण्याची संधी, निःसंकोच 'का?' विचारण्याची मुभा आणि स्वभाषेतील विवेचन. जगदीशचंद्र बसूंना त्यांच्या वडिलांनी आरंभी बंगाली माध्यमाच्या शाळेत घातले होते. त्यांचे विज्ञान त्यामुळे उणे ठरले नाही. इंग्रजी अवश्य शिकावी. पण संकल्पना मायबोलीतच रुजते.

ग्रामीण शाळांत साधने नाहीत, अशी तक्रार केली जाते. ती खोटी नाही. प्रयोगशाळा, साहित्य आणि विज्ञानाचा प्रशिक्षित शिक्षक देणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. वसमतची हळद घरोघरी आहे. तिच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकताच पिवळा रंग लालसर होतो आणि लिंबू पिळताच पुन्हा पिवळा. देवघरातील कुंकवामागचे रसायन आणि पाठ्यपुस्तकातील दर्शक एकच आहेत, हे मुलाला त्या क्षणी उमगते.

तसेच शंकूचे. मैदानात काठी उभी रोवावी, दोरीने तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी आणि दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकते ते दोन बिंदू जोडले की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेली ही रीत आहे. पूर्वजांचा अभिमान भाषणांनी नव्हे, अशा पडताळणीने सार्थ होतो. पुराव्याविना केलेले दावे परंपरेचा गौरव करीत नाहीत, उलट तिला हास्यास्पद करतात. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय' रचले ते गणित करून, गर्जना करून नव्हे.

म्हणून पालकांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी गुणपत्रिकेपलीकडे पाहून एकच विचारावे: या वर्षी मुलांनी स्वहस्ते किती प्रयोग केले? दुधाळ्याच्या भुजा ब्रह्मांडाची स्पंदने टिपतील तेव्हा ती वाचणाऱ्यांत हिंगोलीचीही मुले असावीत. त्यासाठीची पायाभरणी आजच्या सहावीत व्हायला हवी.