मुलाच्या उत्तरापाशी थांबणे

विद्यार्थीकेंद्रित अध्यापनाची तत्त्वे आज कोणत्याही शिक्षकास अपरिचित राहिलेली नाहीत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावादाचा पुरस्कार केला, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमाने मुलांचे शिक्षण कृती व शोध यांच्या द्वारे, बालकेंद्रित रीतीने व्हावे असा दंडक घातला, आणि २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यावर जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांच्या फरशा अंकांनी आणि अक्षरांनी रंगून गेल्या. या उत्साहाचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि वर्गाचा मध्यबिंदू शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे खरोखरच सरकला आहे किंवा नाही याची परीक्षा करावयाची झाल्यास, मुलाने दिलेल्या उत्तराशी, आणि विशेषेकरून चुकलेल्या उत्तराशी, शिक्षक कसा वागतो हेच पाहावे लागते.

५२ मधून २७ वजा करावयास सांगितले असता तिसरीच्या वर्गातील पुष्कळ मुले ३५ हे उत्तर लिहितात. रूढ परिपाठ असा की, त्यावर तांबडी फुली पडते, ‘हातचा विसरलास’ असे बजावले जाते, आणि फळ्यावरचे शुद्ध गणित वहीत उतरते. वास्तविक ते मूल काहीच विसरलेले नसते. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावा असा एक नियम त्याने स्वतःच्या बुद्धीने बनविलेला असतो, आणि एकं स्थानी दोहोंतून सात जात नाहीत असे दिसताच ते निःशंकपणे सातातून दोन काढते. ‘हे तू कसे केलेस, मला सांग’ असा प्रश्न शिक्षकाने शांतपणे विचारला, तर हा नियम मुलाच्याच तोंडून बाहेर येतो. मग काड्यांचे दहा-दहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून सत्तावीस काढून घेण्यास सांगावे; गठ्ठा सोडल्यावाचून सात काड्या मिळत नाहीत हे त्याच्या हातांनाच कळते, आणि पस्तिसांत सत्तावीस मिळविले असता बासष्ट होतात, बावन्न नव्हे, हा पडताळाही ते आपण होऊन घेऊ शकते. यास दहा मिनिटे लागतात. एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या द्विशिक्षकी शाळेतील गुरुजींना ही दहा मिनिटे काढणे किती कठीण जाते याची जाणीव ठेवूनच मी हे लिहीत आहे. परंतु या दहा मिनिटांवाचून बालकेंद्रित हे विशेषण निरर्थक होय.

ही दृष्टी आपणांस परकीय ग्रंथांतून उसनी आणावी लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी जे कार्य केले त्यात मुले शाळेत येत नाहीत अशी तक्रार करीत बसण्याऐवजी शाळाच पाड्यावरील अंगणात नेली, आणि जी मुले गुरे राखण्यास जात त्यांच्यासाठी कुरणात कुरणशाळा भरविली. मूल जेथे आहे तेथून आरंभ करावयाचा, हे तत्त्व त्यांनी भूगोलाच्या अर्थानेही पाळले. गणिताच्या वहीतही आरंभ तेथूनच करावयाचा असतो.

अडचण मात्र खात्याच्या दप्तरात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमाने शिक्षकावर दोन कर्तव्ये शेजारीशेजारी लादली आहेत: संपूर्ण अभ्यासक्रम विहित मुदतीत पुरा करावा, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखून त्यास आवश्यक ती जादा शिकवणी द्यावी. यांपैकी पहिल्याचा हिशेब नियोजनाच्या वहीत चटकन दिसतो, म्हणून तपासणीत तोच मागितला जातो. दुसऱ्याचा पुरावा मुलाच्या बोलण्यात असल्याने तो कागदावर सहसा उतरत नाही. कोणता पाठ कोणत्या तारखेस संपला याचाच जाब ज्यास द्यावा लागतो, त्या शिक्षकाने पस्तीस या उत्तरापाशी दहा मिनिटे थांबावे अशी अपेक्षा केवळ प्रशिक्षणवर्गातील व्याख्यानांच्या बळावर करणे हे मला अन्यायाचे वाटते. शिक्षकाची वर्तणूक तपासणीच्या प्रश्नांनी घडते, आणि ते प्रश्न बदलण्यास नव्या निधीची वा नव्या कायद्याची गरज नाही.

म्हणून केंद्रप्रमुखांस आणि विस्तार अधिकाऱ्यांस माझी आग्रहाची विनंती आहे: पुढील शाळाभेटीत कोणतीही नोंदवही उघडण्यापूर्वी तीन मुलांजवळ बसावे, त्यांनी एखादे गणित कसे केले ते त्यांच्याच शब्दांत ऐकावे, आणि जे ऐकले ते शेरेबुकात लिहावे.