घासलेटची रांग आणि धरणाची वीज

1991 साली रेशन दुकानासमोर आमच्या पाड्यातल्या बाया सकाळपासून बसून होत्या. दोन डोंगर उतरून आलेल्या. दुपारी दुकानदार म्हणाला, "घासलेट संपलं. तिकडे आखातात लढाई झाली, त्याला मी काय करू?" बाया रिकाम्या बाटल्या घेऊन परत गेल्या. त्या रात्री पाड्यात चिमणी पेटली नाही.

आपले काही साथी म्हणतात, तेलाचं राजकारण दिल्लीचं, आपला प्रश्न जमिनीचा. मला हे पटत नाही. दोन्ही एकच आहेत.

दुकानदार अर्धं खरं बोलला. 1991 साली देशाला लागणाऱ्या तेलातला दहापैकी साधारण चार भाग बाहेरून येत होता. 1974 साली मुंबईजवळ समुद्रात तेल सापडलं, पण ते पुरत नव्हतं. तयार घासलेट आणि डिझेलही विकत आणावं लागत होतं. बाहेरचे बहुतेक व्यापारी रुपये घेत नव्हते, डॉलर मागत होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तेल महागलं. देशावर आधीच कर्ज होतं, त्यात डॉलर संपत आले. जुलै 1991 मध्ये सरकारने जवळपास 47 टन सोनं परदेशात गहाण टाकलं. आपण पेरणीला चांदीचे कडे सावकाराकडे ठेवतो, तसंच हे. म्हणजे टंचाई खोटी नव्हती.

पण उरलेलं अर्धं दुकानदार बोलला नाही. रेशनचं घासलेट तेव्हा डिझेलपेक्षा स्वस्त होतं, म्हणून ते काळ्या बाजारात जायचं आणि डिझेलमध्ये मिसळलं जायचं. आपल्या चिमणीचं तेल ट्रकच्या टाकीत जळायचं. त्याच ट्रकमधून आपल्या जंगलाचं लाकूड शहरात जातं. आणि आपण चुलीसाठी एक मोळी आणली तर नाकेदार म्हणतो, चोरी!

आता धरणाचं बघा. आपल्याला सांगतात, देशाला वीज पाहिजे, बाहेरच्या तेलावर किती दिवस राहायचं? आपलं पाणी आहे, आपला कोळसा आहे, तो वापरू. देशासाठी त्याग करा. सरदार सरोवराची वीज 1450 मेगावॅट ठरली होती. 1979 च्या लवादाने त्यातली रुपयात 27 पैसे महाराष्ट्राला दिली. त्यासाठी अक्कलकुवा आणि अक्राणीची 33 गावं पाण्यात जाणार होती.

मी बारावी शिकलो. मोठा हिशोब मला येत नाही, पण एवढा येतो. धरणाच्या विजेवर डिझेलचा ट्रक चालत नाही. ज्या घरात वीज आहे तिथे दिव्यासाठी घासलेट लागत नाही. दिव्याला घासलेट कोण जाळतं? ज्याच्या घरी वीज नाही तो. म्हणजे आपण. मग विजेने घासलेट वाचवायचं असेल तर पहिली तार आपल्या पाड्यात यायला पाहिजे. पण तार डोंगरावरून जाईल ती शहराकडे. आपली जमीन बुडेल, घासलेट तेवढंच लागेल, आणि रांगेत पुन्हा आपल्याच बाया बसतील. यात देशाचं काय वाचलं?

देशाची अडचण ती आपलीही अडचण आहे. आपण देशाबाहेरचे नाही. पण ज्याने सगळ्यात कमी तेल जाळलं, त्यानेच सगळ्यात जास्त का भरायचं?

म्हणून येत्या बैठकीत प्रत्येक पाड्याने आपलं रेशन कार्ड आणावं. कार्डावर किती घासलेट लिहिलं आणि हातात किती आलं, हे आपण मांडू आणि तहसीलदाराला यादी देऊ. त्याच कागदावर दुसरी मागणी लिहू: चुलीची मोळी हा गुन्हा नाही. आणि तिसरी: आमच्या घरात दिवा लावायचं बोलत नाही, तोवर विजेच्या नावाने आमची जमीन मागू नका.

बायांनी जरूर यावं. रांगेत त्या बसल्या होत्या, बोलायचं पण त्यांनीच.

जिंदाबाद!