डेमो चालला, पुढे काय?

“माझ्या मशीनवर तर चालतंय!” हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी टेस्टिंगवाल्यांच्या तोंडावर फेकलंय. खरं काम त्यानंतर सुरू होतं, हे पहिल्या रिलीजच्या रात्री कळतं. सरकारी प्रयोगशाळांतल्या जीएम पिकांबद्दल वाचताना मला हेच सारखं आठवतं. जीएम चांगलं की वाईट, हा वाद आपल्याकडे इतका रंगतो की तयार झालेलं पीक शेतापर्यंत नेणार कोण, हा साधा प्रश्न राहूनच जातो.

आधी एक जमलेली गोष्ट. १९९२ साली हवाई बेटांवरच्या पुना जिल्ह्यात (आपलं पुणं नव्हे!) पपईवर रिंगस्पॉट व्हायरस आला. राज्यातली जवळजवळ सगळी पपई तिथेच पिकायची. सुदैवाने कॉर्नेल विद्यापीठाचे डेनिस गोन्साल्विस आणि हवाईतले संशोधक आधीपासूनच यावर काम करत होते. व्हायरसच्याच आवरणातल्या प्रथिनाचं जनुक त्यांनी पपईत घातलं आणि झाड व्हायरसला दाद देईना. हा झाला डेमो!

पण मंडळी पेपर छापून थांबली नाहीत. सरकारी खात्यांना लागणारी माहिती त्यांनी स्वतः जमवली आणि १९९६-९७ मध्ये परवानग्या मिळवल्या. तंत्रांची पेटंटं वेगवेगळ्या लोकांकडे होती, ते परवाने पपई उत्पादकांच्या समितीने घेतले. मे १९९८ मध्ये शेतकऱ्यांना बी चक्क फुकट वाटलं. जपानची बाजारपेठ उघडायला २०११ उजाडलं, तरी पाठपुरावा सोडला नाही. एवढ्याशा पिकासाठी कुठली कंपनी हे करणार होती?

आता आपल्याकडची गोष्ट. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून ‘बिकानेरी नरमा’ हे बीटी कपाशीचं सरकारी वाण आणलं. २००८ मध्ये मंजुरी, २००९ मध्ये शेतात. कंपन्यांचं बीटी बियाणं संकरित, म्हणजे दरवर्षी विकत घ्या. हे सरळ वाण, म्हणजे घरचं बी ठेवा. विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी हा फरक केवढा मोठा, हे वेगळं सांगायला नको.

आणि मग एका हंगामातच विक्री बंद! बियाण्यात मॉन्सँटोच्या बीटी कपाशीतलं जनुक असल्याचं निघालं. चौकशीसाठी नेमलेल्या सोपोरी समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला. आपल्या भाषेत सांगायचं तर कुठलं बिल्ड बाहेर चाललंय, हे रिलीजआधी कुणी नीट तपासलंच नाही.

म्हणून “नियम सैल करा” हे मला पटत नाही. उलट हीच गोष्ट सांगते की तपासणी हवीच. माझं म्हणणं एवढंच की सरकारी पिकासाठी पहिल्या दिवसापासून वेगळी रिलीज टीम हवी आणि तिला वेगळा पैसा हवा. बियाण्याची शुद्धता, पेटंट, चाचण्यांची कागदपत्रं, कोर्टातली उत्तरं, विक्रीनंतरची नजर... ही सगळी कामं फावल्या वेळात करायला शास्त्रज्ञाला सांगणं म्हणजे डेव्हलपरलाच टेस्टिंग, सपोर्ट आणि सेल्स करायला लावणं.

दुसरी बाजू सरकारची. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने केलेल्या डीएमएच-११ मोहरीची शिफारस जीएम पिकांवरच्या केंद्रीय समितीने मे २०१७ मध्ये केली, तरी सरकारचा निर्णय झाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा शिफारस, या वेळी मंजुरीही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांची मतं वेगळी पडली, मात्र राष्ट्रीय धोरण हवं यावर दोघांचं एकमत. तणनाशकाला दाद न देणारं जनुक या मोहरीत आहे, त्यावरचे आक्षेप गंभीर आहेत. मग ते तपासा आणि कारणांसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणा. ‘नाही’ हेही उत्तरच असतं की! नुसतं ताटकळत राहणं फक्त भरल्या खिशाच्या कंपनीलाच परवडतं.

म्हणजे ज्यांना कंपन्यांच्या मक्तेदारीची भीती वाटते, त्यांनीच खरं तर सगळ्यात आधी ही टीम मागायला हवी. पपईचं बी फुकट वाटता आलं, ते कुणीतरी कंटाळवाणं काम शेवटपर्यंत केलं म्हणून.

असो. सोमवारी आमचंही रिलीज आहे. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.