द्वेषाला फाशी होत नाही

महाशिवरात्रीला गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडावर यात्रा भरते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील या एकाच डोंगरावर महादेवाचे देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी यांचा दर्गाही आहे. गडाचे नाव निघाले की सर्वधर्मसमभावाचा गौरव होतो आणि तो यथार्थही आहे. परंतु १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत हा गड ज्या भंडारा जिल्ह्यात होता, त्याच जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे, हे त्या गौरवाच्या भरात विसरून चालणार नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत एका दलित कुटुंबातील आई, तिची मुलगी आणि दोन मुलगे यांना जमावाने घरातून ओढून काढून ठार मारले. या कुटुंबाचा अपराध कोणता? त्याच्याजवळ थोडी जमीन होती, मुले शिकत होती आणि एका मारहाणीच्या प्रकरणात आईने गावातील बलिष्ठांविरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य दाखविले होते. पिढ्यानपिढ्या मान खाली घालून चालणाऱ्याने मान वर केली, हेच ते पाप. भर वस्तीत हे घडले आणि गाव गप्प राहिले. महाराष्ट्रालाही जाग यायला काही आठवडे लागले. नोव्हेंबरमध्ये नागपूरच्या रस्त्यांवर दलित समाजाचा संताप उसळला, तेव्हा कोठे या हत्याकांडाची दखल घेणे सर्वांना भाग पडले.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप अशी शिक्षा झाली. १४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. फाशी टळली म्हणून तेव्हा जो क्षोभ झाला, तो समजण्यासारखा होता. परंतु त्या क्षोभात एक अधिक गंभीर गोष्ट मागे पडली. ही हत्या जातिद्वेषातून झाली, असे दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. साक्षीचा सूड म्हणून खून झाला, असा निष्कर्ष निघाला आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे गळून पडली. जणू सूड आणि जात या दोन वेगवेगळ्या गावच्या गोष्टी आहेत! साक्ष देणारी स्त्री वरच्या जातीची असती, तर तिच्या साक्षीची किंमत तिच्या अख्ख्या घरादाराकडून अशा रीतीने वसूल झाली असती काय, हा साधा प्रश्न निकालपत्राच्या चौकटीबाहेरच राहिला.

दोषींना फासावर चढविले असते तर न्याय पूर्ण झाला असता, असे मानणाऱ्यांनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या द्वेषहत्येकडे वळून पाहावे. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत नथुराम गोडसे याने गांधीजींची हत्या केली. मारेकरी मराठी होता, पुण्याच्या एका वृत्तपत्राचा संपादक होता. द्वेषाचे शब्द रोज छापणाऱ्या हाताने शेवटी पिस्तूल उचलले. लाल किल्ल्यात खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी गोडसे आणि नारायण आपटे यांना मृत्युदंड सुनावण्यात आला, अपिलात तो कायम झाला आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी देण्यात आली. मणिलाल आणि रामदास या गांधीपुत्रांनीच ही फाशी टळावी अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही.

त्या फाशीने काय साधले? गुन्हेगार गेला, गुन्ह्यामागचा विचार गेला नाही. उलट त्याला एक हुतात्मा मिळाला. न्यायालयातील त्याचे निवेदन आजही भक्तिभावाने वाचले जाते, त्याच्या नावाचा जयजयकार करायला आज कोणाला संकोच वाटेनासा झाला आहे. हत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळणाऱ्यांनीही द्वेषाला द्वेषानेच उत्तर दिले आणि गांधीजींचा दुसऱ्यांदा पराभव केला. त्या काळोखात साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. खुनी आपल्यातून निपजला, म्हणून प्रायश्चित्तही आपणच घेतले पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. द्वेषाचा उगम आपल्या घरात शोधणारी ती वृत्ती कोणत्याही फाशीपेक्षा अधिक कठोर होती.

तीच कठोरता समाजवादी चळवळीने स्वतःलाही लावून घेतली पाहिजे. १९५४ च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत, द्विसदस्य मतदारसंघात, प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते. दुसरे मत वाया घालवा, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला असता बाबासाहेबांनी तो नाकारला. अशोक मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. समाजवादी उमेदवाराला मत देणारे अनेक हात दुसऱ्या मतपत्रिकेशी येताच थबकले, हा त्या निकालाचा अर्थ आहे. घोषणेत समता आणि मतपेटीत जात, हा भेद ज्या मातीत पन्नास वर्षे जपला गेला, तिथेच २००६ साल उगवले.

संसदेने २०१५ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. गंभीर गुन्हा जातीच्या कारणावरूनच घडला हे सिद्ध करण्याचे ओझे हलके झाले. पीडित व्यक्ती दलित वा आदिवासी आहे, हे आरोपीला ठाऊक असणे आता पुरेसे मानले जाते. सुधारणा स्वागतार्ह आहे. पण कायदा साक्षीदारावर उभा राहतो आणि साक्षीदार गावात राहतो. खैरलांजीत साक्ष देणारीच मारली गेली. त्या कुटुंबातील एकटा वाचलेला पिता न्यायाची वाट पाहत जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारला. साक्ष देणाऱ्याच्या पाठीशी गावातील चार सवर्ण घरे उघडपणे उभी राहणार नाहीत, तोवर कोणतेही कलम पुरे पडणार नाही. ती चार घरे तयार करणे हे न्यायालयाचे काम नव्हे. ते समतेचे नाव घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याचे काम आहे.

प्रतापगडावर दोन धर्म शेजारी नांदतात, कारण तेथे कोणाला कोणाच्या बांधावरून वाट काढायची नसते. समतेची खरी परीक्षा गडावर होत नाही. यात्रा संपवून माणसे खाली उतरतात, धानाच्या बांधीत, पाणवठ्यावर आणि न्यायालयाच्या पायरीवर एकमेकांना भेटतात, तेव्हा ती होते.