धुराड्यातील गंधक आणि झऱ्यातील जंतू

केंद्र सरकारच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांमध्ये जबलपूरला २०२४ साली दुसरा क्रमांक मिळाला आणि २०२५ साली तो पुन्हा मिळाला. गोहलपूरसारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या कष्टकऱ्यांना या बक्षिसाचा अभिमान वाटला असल्यास त्यात गैर काही नाही. परंतु गोहलपुरात जो दिवा लागतो त्याच्यासाठी लागणारा कोळसा जबलपुरात जळत नाही. मध्य प्रदेशच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीचे मुख्यालय याच शहरात आहे. तिची धुराडी मात्र उमरिया जिल्ह्यातील बिरसिंहपूर, अनूपपूर जिल्ह्यातील चचाई, बैतूल जिल्ह्यातील सारणी आणि खंडवा जिल्ह्यातील सिंगाजी येथे उभी आहेत. यांपैकी एकही केंद्र दहा लाख वस्तीच्या शहराला लागून नाही. ही बाब भूगोलाची वाटते. आज ती धोरणाची झाली आहे.

७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा यांच्या मर्यादा प्रथमच बांधून दिल्या आणि त्या पाळण्यासाठी दोन वर्षांची मुदत ठरविली. दोन वर्षांची सात झाली, सातानंतर पुन्हा मुदतवाढी झाल्या, आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने मूळ प्रश्नच निकालात काढला. राजधानी परिसर किंवा दहा लाखांवरील वस्तीची शहरे यांच्यापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांवरच बंधन कायम राहिले. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेकाच्या गुणदोषांवर घेतला जावयाचा आहे. उरलेल्यांना, म्हणजे देशातील सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक क्षमतेला, धुराड्याच्या उंचीच्या अटीवर सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळे करण्यात आले. दहा किलोमीटरच्या रेषेपलीकडे राहणाऱ्या माणसाची फुप्फुसे वेगळ्या घडणीची असतात काय, याचा खुलासा अधिसूचनेत नाही.

सरकारचे म्हणणे असे की भारतीय कोळशात गंधक कमी आहे आणि हवेतील सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण बहुतेक ठिकाणी मर्यादेत आहे. पहिल्या विधानात तथ्य आहे. परंतु गंधक कमी असले तरी जळणाऱ्या कोळशाचे टन मोजावेच लागतात; आणि धुराड्यातून निघालेला हा वायू हवेत सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनून शेकडो किलोमीटर प्रवास करतो. तेव्हा तो सल्फर डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाही, श्वासाला मात्र दिसतो. उपग्रहांच्या मोजमापांवर आधारलेल्या २०१७ सालच्या एका शास्त्रीय लेखाने दाखवून दिले की २००७ नंतर चीनमधील या वायूचे उत्सर्जन ७५ टक्क्यांनी घटले, तर भारतातील ५० टक्क्यांनी वाढले. चीनने कोळसा जाळणे थांबविले नव्हते. त्याने चुनखडीच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रे बसविली आणि ती चालविली.

अशा वेळी उष्णताप्रिय सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने धूर स्वच्छ करण्याच्या तंत्राकडे आशेने पाहिले जाते. ही आशा निराधार नाही. धुराड्याकडे निघालेला वायू १२० ते १५० अंश तापलेला असतो. पाण्याने धुतल्यावरही तो ५० अंशांच्या खाली सहजासहजी उतरत नाही. साधे जंतू या उष्णतेत मरतात. त्यांच्यासाठी वायू आणखी थंड करावयाचा तर पाणी आणि वीज दोन्ही खर्ची पडतात. गरम झऱ्यांतील जंतूंना मात्र हीच उष्णता मानवते. काही जंतू सल्फेटचे सल्फाइड करतात, दुसरे त्याच सल्फाइडचे घन गंधक करून देतात. नायट्रिक ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून हॉलंडमधील संशोधकांनी पाण्यात लोहाचे एक संयुग घालून त्याला तेथे पकडले आणि ५५ अंशांवर जगणाऱ्या जंतूंकडून त्याचा निरुपद्रवी नायट्रोजन करून घेतला. या जंतूंना अल्कोहोलसारखे खाद्य मात्र सतत पुरवावे लागते. फुकटात राबणारा जंतू अजून सापडलेला नाही.

असे जंतू शोधण्यास जबलपूरकरांना परदेशी जाण्याचेही कारण नाही. सातपुड्यातील अनहोनीचे आणि छत्तीसगडमधील तत्तापानीचे गरम झरे भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तपासले. त्यांतील सूक्ष्मजीवांच्या गुणसूत्रद्रव्यात हायड्रोकार्बन पचविण्याची सामग्री असल्याचे त्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वरच्या झऱ्यांतूनही उष्णताप्रिय जंतू वेगळे काढण्यात आले आहेत. परंतु गुणसूत्रद्रव्य वाचणे आणि धुराडे स्वच्छ करणे यांत मोठे अंतर आहे. ५०० मेगावॅटचा एक संच ताशी सतरा ते वीस लाख घनमीटर धूर सोडतो. त्यात राख असते, पारा असतो, आणि विजेच्या मागणीबरोबर त्याचे प्रमाण चढत-उतरत असते. प्रयोगशाळेतील काचेच्या नळीपासून तेथवर जाण्यासाठी वर्षानुवर्षांचे काम, पैसा आणि वीजकेंद्रातील कामगारांचा अनुभव लागेल. हे काम व्हावयास हवे. पण ते होईपर्यंत जुने, सिद्ध झालेले यंत्र बसवू नये, असा अर्थ कोणी काढील तर तो विज्ञानाचा नव्हे, वीजकेंद्रमालकांच्या जमाखर्चाचा अर्थ होय. चुनखडीचे यंत्र १९७० च्या दशकापासून जगात चालू आहे आणि नव्वद टक्क्यांहून अधिक सल्फर डायऑक्साइड अडविते.

या संशोधनाची मालकी कोणाची राहील, हा प्रश्नही आताच विचारावयास हवा. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यातून थॉमस ब्रॉक यांनी १९६६ साली थर्मस अॅक्वॅटिकस हा जंतू मिळविला आणि तो सार्वजनिक संग्रहात ठेवला. या जंतूतील एक विकर पुढे गुणसूत्रद्रव्याच्या प्रती काढण्याच्या तंत्राचा आधार बनले, आणि १९९१ साली त्या तंत्राचे हक्क एका स्विस औषध कंपनीने ३० कोटी डॉलरना विकत घेतले. ज्या उद्यानात तो जंतू सापडला त्याला त्यातील एक डॉलरही मिळाला नाही. झरा सर्वांचा, जंतू सर्वांचा, शास्त्रज्ञाचा पगारही जनतेच्या पैशातून. नफा तेवढा खाजगी. आपल्या देशात २००२ सालचा जैवविविधता कायदा आहे, परंतु अनहोनीच्या झऱ्यावर ज्यांचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे त्या गावकऱ्यांना त्या कायद्याचे नाव तरी कोणी सांगितले आहे काय?

सूट देताना वीज दर युनिटमागे २५ ते ३० पैशांनी स्वस्त राहील, असे सांगण्यात आले. गोहलपूरच्या गृहिणीला ३० पैसे क्षुल्लक नाहीत, हे मान्यच केले पाहिजे; म्हणूनच यंत्राचा खर्च तिच्या बिलात न ढकलता सरकारने उचलावा, ही मागणी कामगार संघटनांनी धरावयास हवी. बिरसिंहपूर आणि सारणी येथील संघटनांनी आणखी एक गोष्ट लगेच मागावी. धुराड्यातील वायू सतत मोजणारी यंत्रे बसविण्याचा आदेश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ सालीच दिला आहे. म्हणजे आकडे आहेत, दर घटकेला नोंदले जात आहेत. ते सारणीच्या दरवाजावर हिंदीत आणि मराठीत रोज लिहून लावण्यास जबलपूरच्या मुख्यालयाला एक फळा आणि खडूचा एक डबा यापलीकडे खर्च येणार नाही.